उभ्याने खुरपणी

कडूबाई खाली बसली तेव्हा काहीच झालं नाही. उठायची वेळ आली तेव्हा झालं. मोगऱ्याच्या आळ्याशी, हातात खुरपं, एक पाय पुढे आणि एक पाय अंगाखाली, अशा अवस्थेत ती थांबली आणि अतिशय शांतपणे म्हणाली, "म्याडम, गुडगा अडकला बघा."

उज्ज्वला वडवणीतल्या एका माध्यमिक शाळेत एकवीस वर्षं विज्ञान शिकवते. तरफेचे तीन प्रकार ती डोळे मिटून फळ्यावर काढू शकेल. पण साठी ओलांडलेल्या बाईला जमिनीवरून खुर्चीत ठेवण्यासाठी टेकू नेमका कुठे घ्यायचा, हे त्या क्षणी तिला सुचलं नाही. तिने नवऱ्याला हाक मारली. अभिमन्यूचं बसस्थानकासमोर औषधांचं दुकान आहे, त्यामुळे गुडघा या विषयावर तो अधिकाराने बोलतो, तो बोलला. मग कुंपणापलीकडून धर्मराजकाका आले. ते परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले आहेत, आणि जगातली कोणतीही जड वस्तू टर्बाइनचा रोटर उचलतात तशीच उचलायची असते असं त्यांचं मत आहे. म्हणजे सगळ्यांनी एकदम, आणि एकाने बाजूला उभं राहून 'हां' म्हणायचं. 'हां' म्हणायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

खुर्चीत बसून कडूबाईने चहा घेतला आणि मग तिने गुडघ्यापेक्षा मोठी अडचण सांगितली. तिचा मुलगा जीवन आणि सून दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. कडूबाईनेही आयुष्यात तीस हंगाम ऊस तोडला. नवरा गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, ती गावातच राहते, आसपासच्या रानांत खुरपायला जाते आणि रविवारी उज्ज्वलाच्या बागेत येते. यंदा जीवन म्हणत होता की आई, तुला बसता येईना, बसता येईना तर खुरपायला कोण नेणार, आणि खुरपायला गेली नाहीस तर एकटी खाशील काय. तेव्हा दसरा झाला की चल आमच्याबरोबर, फडावरच्या झोपडीत लेकरं सांभाळ. तो चुकीचं बोलत होता असं कडूबाईचंही म्हणणं नव्हतं.

"पर त्या पाचटाच्या कोपीत मला मरायचं न्हाई," ती म्हणाली. "मरायला माझं सोताचं घर हाय. दोन खोल्या हायत."

दसऱ्याला नऊ आठवडे होते. उज्ज्वला म्हणाली, "मावशी, उभ्याने खुरपता येईल असं अवजार मी तुम्हाला करून देते."

वाक्य आपोआप आलं. अभिमन्यूने चहाचा कप खाली ठेवला आणि अक्षर न लागणारी डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तसं बायकोकडे पाहिलं. उज्ज्वला फार कमी बोलते. कमी बोलणाऱ्या माणसाची पंचाईत अशी की त्याचं बोललेलं लोक लक्षात ठेवतात. कडूबाईने ते लक्षात ठेवलं आणि संध्याकाळी मुलाला जाऊन सांगितलंही.

आता शत्रूविषयी थोडं सांगायला हवं. उज्ज्वलाच्या बागेत, आणि त्या भागातल्या बहुतेक रानांत, लव्हाळा आहे. दिसायला चार हिरवी पाती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण खाली वीतभर खोल एक टणक गाठ असते, गाठीला दोरा, दोऱ्याला पुढची गाठ, आणि असं ते शेजाऱ्याच्या कुंपणाखालून जातं. वरची पाती उपटली तर गाठीला दुःख होत नाही. आपली कुणी चौकशी केली असं वाटून ती एकाऐवजी दोन कोंब पाठवते. लव्हाळा हे गवत नसून एक धोरण आहे. ते मुळातून उचलावं लागतं.

उज्ज्वलाने वही काढली आणि तीन रात्रींत आराखडा केला. दोन दाते गाठीच्या दोन्ही बाजूंनी जमिनीत जायचे, वर पायाने दाबायला आडवी पट्टी, मागे टेकू, आणि उभ्या माणसाने दांडा आपल्याकडे ओढला की गाठ दोऱ्यासकट बाहेर. पहिल्या प्रकारची तरफ. दाते बोथट हवे होते, कारण धार असली तर गाठ उचलली न जाता कापली जाईल आणि लव्हाळ्याचं आणखी फावेल. 'बोथट' हा शब्द तिने दोनदा अधोरेखित केला. तिच्या मते आता अवजार जवळपास तयार होतं. फक्त ते लोखंडात करायचं राहिलं होतं.

अभिमन्यूला वाटलं, बायकोचा त्रास वाचवावा. त्याने मोबाईलवर तसलंच एक अवजार शोधून परस्पर मागवलं. आठ दिवसांनी खोकं आलं. खोक्यावर पांढरी पँट घातलेली एक बाई हिरव्यागार हिरवळीवर उभी राहून हसत होती. कडूबाईने चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं की हिच्या रानात तण कुठंय. ते अवजार पावसाने ओढ दिलेल्या काळ्या मातीत तिसऱ्या दणक्याला वाकलं, आणि चौथ्याला त्याने मान टाकली. अभिमन्यू म्हणाला, परत पाठवता येतं. परत पाठवायच्या अर्जात कारणांची यादी होती: रंग आवडला नाही, आकार लहान आहे, विचार बदलला. जमीन काळी आहे, हे कारण यादीत नव्हतं.

दरम्यान गोष्ट बाहेर फुटली होती. ती अर्थातच दुकानातून फुटली. गुडघ्याचं मलम न्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अभिमन्यू बायकोच्या संशोधनाची माहिती द्यायचा, आणि प्रत्येक गिऱ्हाईक मलमाबरोबर एक सल्ला ठेवून जायचं. दांडा बाभळीचा करा. दांडा बाभळीचा करू नका. खाली चाक लावा. सगळ्यांचा शेवटचा सल्ला मात्र एकच असायचा: तणनाशक का मारत नाही? उज्ज्वला शाळेतून येता-जाता समजावून सांगायची, की सगळ्यांनी तणनाशक मारलं तर कडूबाईला काम उरणार नाही, आणि तिला काम मिळावं म्हणून तर हे सगळं आहे. लोक मान डोलवायचे, पटलं म्हणायचे, आणि मग आवाज खाली आणून फवारणीचं प्रमाण सांगायचे.

धर्मराजकाकांच्या मते दोष मातीत होता. काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते. मधले दोन दिवस वापसा असतो तेवढेच ती माणसात असते. त्यावर उपाय राख. कोणाच्या तरी टेम्पोतून त्यांनी परळीहून दोन पोती राख आणवली आणि रविवारी सकाळी, उज्ज्वला अंघोळीला गेली असताना, आळ्यांतून पसरली. तीन आठवड्यांत मोगरा पिवळा पडला. लव्हाळ्याला मात्र राख मानवली. तो इतका गडद हिरवा झाला की रस्त्याने जाणारे थांबून विचारायचे, कसलं पीक आहे. काकांनी निष्कर्ष काढला की राखेने आपलं काम चोख केलं, झाडाची निवड चुकली.

लोखंडाचं काम मुंजाजीकडे होतं. मुंजाजी वर्षभर गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करतो, पण भादवा लागला की फक्त कोयते. दसऱ्याला ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत शेकडो कोयते घडवून, पाजवून द्यायचे असतात. दुकानासमोर त्यांची रास पडलेली होती आणि तिच्या मागे मुंजाजी दिसत नव्हता, नुसताच ऐकू येत होता. उज्ज्वलाने कागद पुढे केला. त्याने तो आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला आणि म्हणाला, "लई बारीक काम हाय, मॅडम. पर तुमचं हाय म्हणल्यावर करावंच लागंल."

ते त्याने सतरा दिवसांनी केलं. रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर उज्ज्वला दुकानाच्या फळीवर बसून राहायची. आठवी-नववीची मुलं जाता जाता नमस्कार करायची, आणि मॅडमना कोयता कशाला हवा असेल यावर पुढे जाऊन चर्चा करायची. अठराव्या दिवशी मुंजाजीने अवजार दोन्ही हातांनी उचलून तिच्यासमोर उभं केलं. दांडा एका मंगल कार्यालयाच्या गेटातून उरलेल्या पाइपाचा होता. वरच्या टोकाला, कागदावर नसलेला, पण गेटाला असतो तसा भाला होता. तो शोभेला, असं मुंजाजी म्हणाला, त्याचं वेगळं काही नाही. दुकानातल्या वजनकाट्यावर अवजार पाच किलो शंभर ग्रॅम भरलं.

तेही एक वेळ चाललं असतं. पण उज्ज्वलाने दोन दात्यांत अंतर धरलं होतं बारा मिलिमीटर, आणि मुंजाजीच्या आयुष्यात मिलिमीटर नाही. त्याचं सगळं सुतात चालतं. एका सुतात तीन मिलिमीटर आणि वर थोडं. त्याने बारा वाचलं आणि बारा सूत अंतर ठेवलं. त्या फटीतून लव्हाळ्याची गाठच काय, लहानसा कांदा न खरचटता पार झाला असता. चूक कुणाची, यावर फळीवर बसलेल्या चार शेतकऱ्यांनी मत दिलं. चारही मतं मुंजाजीच्या बाजूची होती. एकवीस वर्षं मुलांचे अर्धे गुण ज्या कारणासाठी आपण कापत आलो, ते कारण, म्हणजे एकक न लिहिणं, आपल्याच कागदावर आपण केलंय, हे उज्ज्वलाने घरी येऊन पाहिलं. आकडा होता. पुढे काहीच नव्हतं. त्या रात्री ती जेवली नाही, पण तसं तिने कुणाला सांगितलंही नाही.

कडूबाईने ते अवजार हातात घेतलं, भाल्याकडे वर पाहिलं आणि विचारलं, "म्याडम, आपल्याला नेमकं कुणाशी भांडायचंय?"

दसऱ्याला चार आठवडे उरले.

आता एक अडचण अशी की अवजार झालं तरी कडूबाईला रान कोण देणार. तिला जास्तीत जास्त काम अजिनाथरावांच्या मळ्यात मिळायचं. कापूस, मग हिवाळ्यात कांदा, चौदा-पंधरा बायांची खुरपणी रोज चालू. उज्ज्वला त्यांना जाऊन भेटली. अजिनाथरावांनी आदराने खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि सांगितलं की आपली हरकत नाही, कडूबाई घरच्यासारखी आहे. पण उद्या ते दातेरी लोखंड कुणाच्या पायात घुसलं तर नाव मळ्याचं. कुठून तरी पास करून आणा, शिक्का असला म्हणजे झालं.

म्हणून उज्ज्वला एका कार्यालयात गेली. कोणत्या ते इथे लिहीत नाही, कारण तिला तिथे दुसऱ्या कामाला पुन्हा जायचं आहे. तिथले बाबू चांगले होते. त्यांनी संगणकावर अर्ज उघडला आणि विचारलं, अवजार बैलाचं, ट्रॅक्टरचं की इंजिनाचं. उज्ज्वला म्हणाली, माणसाचं. माणसाचा रकाना नव्हता. बाबूंनी इंजिनाचा निवडला, म्हणाले, नंतर दुरुस्त करू. पुढचा रकाना अश्वशक्तीचा, आणि तो भरल्याशिवाय पान पुढे जात नव्हतं. उज्ज्वलाने तिथेच कागदावर गणित केलं. धडधाकट माणूस सलग काम करताना एक दशांश अश्वशक्ती देतो. कडूबाईचं वय आणि गुडघा धरला तर शून्य पूर्णांक सात शतांश. संगणकाला अपूर्णांक चालत नव्हता. बाबूंनी एक लिहिलं. पुढे इंधन. डिझेल, पेट्रोल की वीज. बाई कशावर चालतात, असं बाबूंनी मनापासून विचारलं. उज्ज्वला म्हणाली की बहुतेक चहावर. त्यांनी डिझेल केलं. मग यंत्राच्या इंजिन क्रमांकाचा फोटो जोडायला सांगणारी चौकट आली, आणि बाबू म्हणाले की आता मात्र तुम्ही पुढच्या आठवड्यात या.

पुढच्या आठवड्यात बाबू रजेवर होते. त्यानंतरच्या आठवड्यात उज्ज्वलाच्या मोबाईलवर संदेश आला: आपल्या यंत्राची प्रत्यक्ष पाहणी केली असता त्यात इंजिन आढळून आले नाही, सबब अर्ज नामंजूर. पाहणीला कुणीही आलं नव्हतं. तरीसुद्धा इतक्या दिवसांत अवजाराविषयी कुणी केलेलं हे पहिलं बिनचूक विधान आहे, हे उज्ज्वलाला मान्य करावं लागलं. तिने तो संदेश अजिनाथरावांना दाखवला. त्यांनी संदेश पूर्ण न वाचता वरचं चिन्ह पाहिलं, सरकारी दिसतंय म्हणाले, आणि शुक्रवारी सकाळी या म्हणाले. दसरा त्याच्या पुढच्या आठवड्यात होता.

मुंजाजीने दुसरं अवजार वेळेत दिलं, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. भाला नव्हता. दांडा हलका होता. अंतर बरोबर बारा मिलिमीटर; उज्ज्वलाने पट्टी लावून पाहिलं आणि तिचे डोळे क्षणभर भरून आले. मग तिने दात्यांवरून बोट फिरवलं आणि बोटातून रक्त आलं.

मुंजाजीने दात्यांना धार लावली होती. साधी नव्हे, कोयत्याला लावतात तशी. तिने कागदावरचा अधोरेखित शब्द दाखवला. मुंजाजी म्हणाला की तो शब्द त्याने वाचला होता आणि मॅडमकडून लिहिताना चूक झाली असेल असं समजून सोडून दिला होता. मग तो गंभीर झाला. "बोथट लोखंड माझ्या दुकानातनं भाईर गेलं, तर टोळीवाले मला काय म्हणतील? माझ्या बापानं न्हाई दिलं कधी." या मुद्द्यावर त्याच्याशी वाद घालणं म्हणजे त्याच्या वडिलांशी वाद घालणं होतं, आणि ते हयात नव्हते.

उज्ज्वलाने कानस विकत घेतली. गच्चीवर बसून दोन संध्याकाळी तिने ते दाते घासले. तळहातांना फोड आले. वर्गात खडू धरताना ती हात रुमालात गुंडाळायची. बुधवारी दाते शास्त्रशुद्ध बोथट झाले. तिने अवजार कडूबाईच्या घरी पोचवलं, सराव करायला. त्या दोन खोल्या तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. भिंतीला नुकताच निळा रंग दिलेला होता. सून कोपऱ्यात गाठोडी बांधत होती आणि गाठोड्यांत कडूबाईचं लुगडं दिसत होतं. जीवन नम्रपणे म्हणाला की मॅडम, तुमी लई केलं, पर गाडीत आईची जागा मी धरून ठेवलीय.

शुक्रवारी सकाळी अजिनाथरावांच्या उशिरा लागलेल्या कापसात चौदा बाया बसल्या होत्या. खुरपणीत प्रत्येकीने आपापली पात धरायची असते, म्हणजे आपल्या वाटणीच्या पिकाच्या सऱ्या घेऊन सगळ्यांनी एका ओळीत पुढे सरकायचं, आणि मागे पडेल तिला सगळ्यांनी बोलायचं. पंधरावी पात कडूबाईची. ती उभी राहिली, पायाने पट्टी दाबली, दांडा ओढला. उज्ज्वला बांधावर वही घेऊन उभी होती. टक् असा बारीक आवाज आला आणि लव्हाळ्याची चार पाती वर आली. गाठ आली नाही.

उज्ज्वला धावत गेली. दाते चमकत होते. तिने बोट फिरवलं नाही. तेवढं ती शिकली होती. तिने कडूबाईकडे पाहिलं.

"तुमी इतकं केलं, आन् बघते तर धारच गेलेली," कडूबाई म्हणाली. "म्हणून काल मुंजाजीकडं गेलते. फुकट लावून दिली त्यानं. तुमाला कशाला सांगत बसायचं, म्हणलं."

बांधावर परत येऊन उज्ज्वलाने वहीत मोजणी सुरू केली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या पंधरा मिनिटांत अकरा लव्हाळे. त्यांतले नऊ मानेत कापलेले, दोन कापसाची रोपं निघालीत असं नंतर लक्षात आलं. शिवाय परवा सर येऊन गेली होती. प्रत्येक दणक्याला दात्यांवर मातीचा थर चढत होता. अर्ध्या तासात खाली नारळाएवढा गोळा झाला आणि अवजार जमिनीत जाईनासं झालं. कडूबाई दांड्यावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. आठ आठवडे, तीन अवजारं, दोन पोती राख, एक कानस. उज्ज्वलाने वही मिटली. एकवीस वर्षं आपण मुलांना जे शिकवलं ते पुस्तकात खरं आहे आणि काळ्या मातीत नाही, असं तिला वाटलं, आणि त्यापेक्षा वाईट हे की पुढच्या आठवड्यात त्या निळ्या भिंतींच्या घराला कुलूप लागणार.

तिचं लक्ष नव्हतं म्हणून बाकीचं तिला उशिरा दिसलं. बायांचं बोलणं थांबलं होतं. खुरपणीत बोलणं कधी थांबत नाही. सासू, जाऊ, गावातली लग्नं, सगळं त्या ओळीत खालच्या आवाजात चालू असतं आणि हात त्या बोलण्याच्या गतीने चालतात. पण आज ओळीत एक बाई उभी होती. मळ्यात एरवी एकच माणूस उभा असतो. मुकादम. काठी टेकून, तिरपी नजर ठेवून. बसलेल्या बाईला वर न पाहता कळतं की कुणीतरी उभं आहे. आधी कडूबाईच्या शेजारच्या पातीवरच्या मंगलने पदर नीट केला. मग तिच्या पलीकडचीने हात उचलला. मग सगळी ओळच भराभरा सरकायला लागली. कडूबाईला आपण मागे राहिलो हे सहन होईना, म्हणून ती त्यांच्या मागोमाग चालली, आणि चाळीस वर्षं खुरपणी केलेल्या डोळ्यांना जे दिसतं ते तिला दिसायला लागलं. मंगल, तुझ्या मागं हरळी ऱ्हायली. तिकडं ते बुडापासून काढ. असं म्हणताना ती अवजाराचा गोळा त्या जागेवर टेकवायची.

मंगल खालूनच म्हणाली, "आज लई बोलायला लागलीस गं. खाली बस, म्हंजी कळंल."

"बसता आलं असतं तर बसले नसते का," कडूबाई म्हणाली, आणि पुढच्या पातीकडे वळली.

चार वाजेपर्यंत चालणारं ते रान दीड वाजता संपलं. अजिनाथराव बांधावर केव्हा येऊन उभे राहिले ते उज्ज्वलाला कळलं नाही. त्यांनी कडूबाईने खुरपलेला तुकडा पाहिला नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं, संपलेलं रान पाहिलं, आणि कडूबाईला उद्यापासून रोज यायला सांगितलं. गडी मुकादम ठेवला की बाया कुरकुरतात. ही त्यांच्यातलीच आहे, आणि हिला फसवता येणार नाही. तसं त्यांनी उज्ज्वलाला सविस्तर समजावून सांगितलं. उज्ज्वलाने एकदाच विचारलं की अवजाराबद्दल काय. ते म्हणाले, ते तर लागंलच.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी टोळ्या निघाल्या. जीवनच्या गाडीत त्याच्या आईची धरून ठेवलेली जागा होती, तिथे ज्वारीचं पोतं गेलं. कडूबाईने लेकरांच्या हातात दशम्यांचं फडकं दिलं आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ती रस्त्यावर उभी राहिली. हे तिने रविवारी उज्ज्वलाच्या अंगणात खुर्चीत बसून सांगितलं. ती आता बागेत काम करायला येत नाही, चहाला येते. उज्ज्वलाने विचारलं की बाया तिच्यावर चिडत नाहीत का.

"चिडत्यात की," कडूबाई म्हणाली. "मीबी चिडत व्हते. उभ्या माणसावर चिडायचंच असतं." मग तिने कप खाली ठेवला. "घरात निजते पर. माझ्या घरात."

उज्ज्वलाच्या वहीत शेवटी दोन रकाने आहेत: प्रयोगाचा हेतू, आणि प्रयोगाचं फलित. हेतू साधला होता. फलित असं होतं की अवजाराने एकही गाठ उचलली नव्हती, आणि चौदा बायांचा वेग वाढला होता, गुडघे तेच ठेवून. हे दोन्ही एकाच पानावर कसं लिहायचं, ते तिला ठरवता येईना. पान तसंच राहिलं.

दिवाळीनंतर अजिनाथराव स्वतः घरी आले. सोबत पेढ्यांचा पुडा होता. इतक्या महिन्यांत त्या अवजारासाठी पेढे घेऊन आलेले ते पहिलेच गृहस्थ.

"मॅडम, तुमचं अवजार एक नंबर हाय," ते म्हणाले. "आणखी दोन पायजेत. एक भावाच्या मळ्यात, एक कांद्याला. गुडघे गेलेल्या बाया लागतील तेवढ्या हायत, नुसतं अवजाराचं अडलंय."

उज्ज्वला म्हणाली की ते गवत काढत नाही. हे तिला अगदी स्पष्ट सांगायचं होतं, आणि तिने ते आकड्यांसह सांगितलं.

"त्यानं कशाला काढायचं?" अजिनाथराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "बाया काढत्यात की. तुमी फक्त खालचं ते लोखंड तेवढं काढून टाका. म्हाताऱ्या बायांना वजन होतं."

अभिमन्यूने पेढा अर्धा खाल्ला होता, उरलेला अर्धा त्याने बशीत ठेवला. उज्ज्वला उठली. तिने कोरा कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं, पट्टी ठेवली आणि वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. सवयीने खाली तारीख घातली. मग प्रत्येक भागाचं नाव लिहिण्यासाठी बाण काढायला पेन्सिल टेकवली, आणि तिच्या लक्षात आलं की भाग एकच आहे.

अजिनाथरावांनी कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"आता बरोबर जमलं," ते म्हणाले.